अकरा सेकंदांचा मालक

मंगळवारी सकाळी मी ब्याऐंशी तबकड्यांची लेबलं आंघोळीच्या टबात भिजवून काढली. दुपारी दोनपर्यंत अशी वेळ आली, की आपल्याच घरात कोणती तबकडी कोणती, ते मला सांगता येईना. हे काम मी पूर्ण शुद्धीत केलं होतं. वय वर्षं एकोणीस, हवा स्वच्छ, पोट भरलेलं.

लेबल धुणं हा आमच्याकडचा रिवाज आहे. आमच्याकडचा म्हणजे जमैकातल्या किंगस्टनचा. तिथे ज्याच्याकडे मोठे स्पीकर आणि भारी तबकड्या, त्याच्या गल्लीत शनिवारी गर्दी; या सगळ्या सरंजामाला साउंड म्हणतात. शेजारच्या गल्लीतला साउंडवाला त्या गर्दीत नाचायचं सोंग घेऊन हळूहळू टर्नटेबलपाशी सरकणार, मान तिरकी करून लेबल वाचणार आणि सोमवारी तीच तबकडी विकत आणणार. म्हणून लेबलच ठेवायचं नाही. आईचा सख्खा भाऊ बर्टी मामा याने तिथे वीस वर्षं साउंड चालवला. आता तो इथे न्यूयॉर्कला, ब्रॉन्क्समधल्या एका इस्पितळात पेशंटांना ढकलगाडीवरून या मजल्यावरून त्या मजल्यावर नेतो आणि वाटेत त्यांना आपल्या साउंडच्या गोष्टी सांगतो. पेशंट आडवे असल्यामुळे ऐकून घेतात.

मामाने मला सगळं नीट शिकवलं होतं. कोमट पाणी, थोडा साबण, अंगठ्याने कडेकडून घासायचं. धुण्याआधी प्रत्येक तबकडीवर खिळ्याने आपली खूण करायची, हेही शिकवलं होतं, असं त्याचं म्हणणं. मला ते आठवत नाही. मी वहीत क्रमाने नावं लिहिली. सगळ्यात वरची पहिली, सगळ्यात खालची ब्याऐंशीवी. रिकामी पाकिटं त्याच सकाळी इमारतीच्या कचराभट्टीत टाकली, कारण शत्रू पाकिटही वाचू शकतो. मग तबकड्या टबाच्या बाजूला क्रमाने रचल्या, वही टबाच्या काठावर ठेवली आणि पाव आणायला खाली गेलो.

तेवढ्यात आईला टब हवा झाला. तिला पडदे भिजवायचे होते. तिने तबकड्या एकेक पुसून खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर वाळत लावल्या. ज्या जास्त चकाकत होत्या त्या वर. वही पडद्यांबरोबर पाण्यात गेली. मी परत येऊन विचारलं, की आधीचा क्रम काय होता. ती म्हणाली, कसला क्रम, सगळ्या काळ्या तर आहेत. वहीतल्या शाईने पडदे अजूनही थोडे निळे आहेत.

आता ब्याऐंशीतल्या निम्म्या मी वाजवून ओळखल्या. उरलेल्या निम्म्या मी एका बंद पडलेल्या बारच्या, नाणं टाकून गाणी वाजवायच्या ज्यूकबॉक्समधून घाऊक उचलल्या होत्या. त्यांची नावं मी लिहिली होती हे खरं, पण एकेचाळीस नावं ओळीने लिहिताना माणूस वाचत नाही, नुसता लिहितो. त्यांतल्या चाळीस ओळखू आल्या नसत्या तरी माझं काही अडलं नसतं. अडलं एकीमुळे.

ती तबकडी म्हणजे एका माणसाचं रडगाणं होतं. त्याला कोणीतरी सोडून गेलं आहे आणि तो ते चार मिनिटं सांगतो. पण अडीच मिनिटांनी त्याला दम लागतो, बाजेवाले थांबतात आणि फक्त ढोल वाजवणारा उरतो. अकरा सेकंद. मागच्या शनिवारी आमच्या इमारतीच्या धोबीखान्यात मी ती नाव न बघताच सहज लावली. त्या अकरा सेकंदांत लोकांनी जे केलं ते मी तोवर फक्त आग लागल्यावर पाहिलं होतं. एकाने शर्ट काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकला आणि मशीन चालू केलं. मग रडका परत आला आणि लोक परत भिंतीला टेकले.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात प्रत्येकाला उपाय ठाऊक होता. एकाच तबकडीच्या दोन प्रती घ्यायच्या, दोन टर्नटेबलांवर लावायच्या. एकीवर ढोल संपला की दुसरीवर सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. अकरा सेकंदांची अकरा मिनिटं होतात. फक्त दुसरी प्रत पाहिजे. दुसरी प्रत दुकानात मिळते. दुकानदार नाव विचारतो.

आणि येत्या शनिवारी माझा सामना होता, डॉक्टर लॉनीशी. लॉनी गॅड्सडेन आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. त्याचा डॉक्टरकीशी संबंध एवढाच, की लहानपणी तो फार आजारी असायचा. त्याची माणसं दक्षिण कॅरोलायनाची. आम्ही जमैकाचे, म्हणून तो आम्हाला केळीवाले म्हणतो. जिन्यात भेटला की विचारतो, "काय ग्लेनरॉय, बोट कधी सुटते परत?" मी म्हणतो, तुझ्या आजीला विचारून सांगतो. इथवर आमची मैत्री.

लॉनीकडून हरण्याचं मला एवढं काही नव्हतं. मला भीती कपाटाची होती.

माझे दोन स्पीकरचे खोके आईच्या कपाटाचे आहेत. महोगनीचं दोन दारांचं कपाट, तिने किंगस्टनहून बोटीने आणलेलं. एप्रिलमध्ये ती कामावर गेली असताना मामाने आणि मी ते कापलं. महोगनीत ढोल जसा घुमतो तसा प्लायवुडमध्ये घुमत नाही, हे आम्ही तिला संध्याकाळी समजावून सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नाही, कारण सगळ्या खुर्च्यांवर आईचे झगे बसलेले असतात. तीन महिने ती काही बोलली नाही. मग बुधवारी तिने निकाल दिला. शनिवारी ती स्वतः मैदानात येऊन बसणार. लोक माझ्या खोक्यांपुढे जास्त नाचले तर खोके माझे. लॉनीपुढे जास्त नाचले, तर रविवारी चर्चच्या आधी तिला कपाट परत पाहिजे. दारं, कप्पे, आरसा, सगळं. खोके गेले की साउंड गेला, आणि साउंड गेला की मी म्हणजे लेबल नसलेल्या ब्याऐंशी तबकड्यांचा मालक, एवढंच.

म्हणून बुधवारी संध्याकाळी मी हातातला छोटा प्लेअर आणि ती तबकडी घेऊन नाव शोधायला निघालो.

पहिला मामा. त्याने डोळे मिटून ते अकरा सेकंद चार वेळा ऐकले आणि म्हणाला, हा आपल्याकडच्या क्लॅरेंडन जिल्ह्याचा हात आहे. तिथले ढोलवाले पूर्वी तुरुंगातून सुटलेल्या माणसाला वाजवत घरी आणायचे. मामाने तो ढोलवालाही ओळखला. त्याचा डावा खांदा थोडा उतरलेला आहे, ते ऐकू येतं म्हणाला. मी म्हटलं, मामा, पण गाणारा तर अमेरिकन वाटतो. मामा म्हणाला, गाणारा कोणीही असतो, गाणारे भाड्याने मिळतात. मग त्याने पलंगाखालच्या ट्रंकेतून एक तबकडी काढून दिली. घरी येऊन लावली. ढोल होते, चांगलेही होते, पण चालीला अंत्ययात्रेसारखे. ही ती नाही, असं मी त्याला सांगितल्यावर त्याने ती परत ट्रंकेत ठेवली.

"तुझ्या कानात अमेरिका गेलीय," तो म्हणाला. "काढून घे लवकर."

गुरुवारी सिंत्रोनकाका. रेल्वेच्या पुलाखाली त्यांचं दुकान आहे. पुढे कच्ची केळी आणि मेणबत्त्या, मागे तबकड्या. काका पोर्तो रिकोचे, पोन्से शहराचे. त्यांनी प्लेअर गल्ल्यावर ठेवून घेतला, वरून गाडी गेली म्हणून थांबले, मग ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा आमच्या पोन्सेचा हात, म्हणाले. माझ्या चुलतभावाचा. तो लहानपणी आईच्या मांडीवर वाजवायचा, आई मारायची, तिचा मार पण असाच तालात असायचा. मागून त्यांची बायको आली. तिने ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, की हा मायाग्वेसचा हात आहे. ती मायाग्वेसची. त्या दोघांचं पुढचं भांडण स्पॅनिशमध्ये झालं. मला त्यातली फक्त दोन्ही शहरांची नावं कळत होती, आणि कोणत्या शहरातले लोक गाढव आहेत ते हातवाऱ्यांवरून. शेवटी काकांनी एक तबकडी काढून माझ्या हातात दिली. घरी लावली, तर तिच्यात एक बाई गात होती आणि मागे हातडफ. शुक्रवारी सकाळी मी जाऊन सांगितलं, काका, यात बाई आहे. ती नंतर आली, काका म्हणाले.

तोवर माझ्या कानांचं काय झालं होतं कोण जाणे. क्लॅरेंडन म्हटलं की मला क्लॅरेंडन ऐकू यायचं. पोन्से म्हटलं की पोन्से. मायाग्वेस मी नकाशावर कधी पाहिलेलं नाही, पण तेही ऐकू यायला लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी ओडेसाबाईंकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लॉनीची सख्खी आजी. शत्रूच्या आजीकडे जाणं शहाणपणाचं नव्हतं. पण त्यांच्या चर्चमध्ये साठ वर्षांतला कुठलाही ताल ओळखणाऱ्या त्या एकट्या आहेत असं आईनेच सांगितलं होतं. त्या घरात चर्चबाहेरचं संगीत लावू देत नाहीत. मी म्हटलं, ऐकायचं नाही, फक्त तपासायचं आहे. तपासायला त्यांची हरकत नव्हती. मी तबकडी लावली आणि त्यांच्या हातातला पंखा थांबला. अकरा सेकंद झाले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी भिंतीला टेकवलेली काठी घेऊन जमिनीवर ठोकायला लागल्या. बरोबर ढोलावर. एकही ठोका सुटला नाही.

हे आमच्या कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचं, त्या म्हणाल्या. त्यांच्या पणजोबांच्या काळात मालक लोकांनी गुलामांचे ढोल बंद केले होते. मग यांनी बाकं भिंतीला लावायची, गोल फिरायचं, आणि एकाने काठीने जमीन वाजवायची. त्यांचा भाऊ इझिकिएल काठी वाजवायचा. हा इझिकिएलच आहे. मी विचारलं, की इझिकिएलची कुठली तबकडी निघाली होती का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच माफी मागितली.

"हे मला रोज ऐकू येतं, बाळा," त्या म्हणाल्या. "मी काही लावलेलं नसतं, तरी येतं. तिकडून, वरून." त्यांनी बोट छताकडे केलं.

मीही टोपी काढून आदराने वर पाहिलं. मग त्यांनी मला रताळ्याचा गोड केक खायला घातला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. नाव काही मिळालं नाही.

शनिवारी चार वाजता मैदान भरलं. मैदान म्हणजे जिथे गेल्या वर्षीपर्यंत चौदा नंबरची इमारत होती ती जागा. एका टोकाला लॉनी, दुसऱ्या टोकाला मी, दोघांची वीज एकाच दिव्याच्या खांबातून. आईने घरून खुर्ची आणली होती. खुर्चीवरचा झगा तिने अंगात घातला होता, त्यामुळे खुर्ची मोकळी झाली होती. तिच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला ओडेसाबाई काठीसह. सिंत्रोनकाका दुकान बंद करून आले होते. तिघेही आपापल्या गावचा ढोल ऐकायला आले होते आणि एकमेकांना ते सांगत होते. मी ऐकत नाही असं दाखवलं.

पहिला अर्धा तास मी हरत होतो. लॉनीचे खोके प्लायवुडचे, पण त्याला लोक ठाऊक होते. त्याने एक लावलं की सगळे तिकडे. मी एक लावलं की चार जण इकडे, त्यांतले दोन माझे मावसभाऊ. आई लॉनीकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती खोक्यांकडे पाहत होती. कप्पे कुठे बसतील त्याचा हिशेब लावत असावी.

मग दुसरी प्रत नसतानाच मी रडक्याची तबकडी काढली आणि सुई थेट ढोलावर ठेवली.

लोक वळले. वळले म्हणजे धावतच आले, शंभरेक माणसं, मधल्या विटा ओलांडत. महोगनी घुमली. मी मनात मोजत होतो. नऊ, दहा, अकरा. रडका परत आला. मी सुई उचलली, आणि आता इथे दोन-तीन सेकंदांची शांतता होणार, लोक जाणार, कपाट जाणार, असं वाटत असतानाच ढोल पुन्हा सुरू झाला.

माझी सुई माझ्या हातात होती.

प्रतिध्वनी असेल असं मला वाटलं. समोर पंधरा नंबरची नुसती भिंत उभी आहे, तिच्यावरून काहीही परत येतं. पण प्रतिध्वनी एवढा उशिरा येत नाही, आणि आलाच तर मूळ आवाजापेक्षा मोठा नसतो. ढोल लॉनीच्या खोक्यांतून येत होता. तोच. तोच उतरलेला खांदा, तीच आईची मांडी, तोच इझिकिएल. लोक आल्या पावली तिकडे धावले. अकरा सेकंदांनी त्याच्याकडेही रडका उगवला, तोवर मी सुई मागे नेली होती. लोक इकडे. मग तिकडे. मग इकडे. चार-पाच फेऱ्या अशा झाल्या. नाचायला कोणालाच वेळ नव्हता, सगळे नुसते धावत होते. एका बाईने मधेच थांबून चप्पल हातात घेतली. मग एकेक करत लोक दमले आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले, आणि तिथेच नाचायला लागले. ढोल एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आता तो तुटत नव्हता.

लॉनीने माइक उचलला. मी वाजवत होतो तेवढ्या वेळात त्याचे हात मोकळे होते.

"ए केळीवाल्या," तो म्हणाला, "माझी तबकडी चोरलीस?"

मग त्याला वाजवायला लागलं आणि मी मोकळा झालो. मी माइक घेतला. "तुझी असेल तर नाव सांग तिचं."

माझी पाळी. त्याचा माइक. "तू सांग आधी."

"मी का सांगू? आळ तू घेतलास."

"नाव सांगितलं की चोरशील."

"आहे ती चोरलीय म्हणतोस, मग आता काय चोरू?"

यावर तो गप्प झाला. पूर्ण अकरा सेकंद. आणि त्या अकरा सेकंदांत मला कळलं, की त्यालाही नाव माहीत नाही. मामाने आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लेबलं धुण्याच्या एवढ्या बढाया मारल्या होत्या, की चौथ्या मजल्यावरचा टबही भरला गेला होता. ओडेसाबाईंना वरून जे ऐकू येत होतं ते चौथ्या मजल्यावरून येत होतं. मी टोपी उगाच काढली होती.

"धुतलीस ना?" मी विचारलं.

"सगळ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा होता. "एकशेदहा."

लोकांना वाटलं हा सगळा कार्यक्रम आहे. आम्ही आळीपाळीने अकरा-अकरा सेकंद बोलत होतो, ढोल संपायच्या आत वाक्य संपवत होतो, कारण नंतर सुई मागे न्यायला हात लागणार होते. प्रत्येक वाक्याला लोक ओरडत होते. एकाने तर "एकशेदहा" हा शब्दच धरला आणि सगळं मैदान एकशेदहा, एकशेदहा म्हणायला लागलं. मला त्यात गाण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही. तेवढ्यात मामा उठला, माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि नाव मी सांगतो म्हणून क्लॅरेंडनपासून सुरुवात केली. लॉनीच्या टोकाला सिंत्रोनकाका पोचले होते. त्यांनी पोन्सेवरून उत्तर दिलं. गर्दीतून कोणीतरी मायाग्वेस असं ओरडलं, कोण ते सांगायला नको. ओडेसाबाई उठल्या नाहीत. त्या खुर्चीवरूनच काठीने विटा ठोकत होत्या, आणि लॉनीची सुई एकदा घसरली तेव्हा ढोल फक्त त्यांचाच होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सहाच्या सुमाराला खांबातली वीज गेली. दोघांची एकदमच.

मग कोण जिंकलं? आईने हा प्रश्न मैदानात बऱ्याच जणांना विचारला. कोणी म्हणालं लॉनी, कोणी म्हणालं मी, एकाने तिलाच विचारलं, की म्हणजे हे दोन वेगवेगळे होते का. तेव्हा आईने चपला नीट घातल्या आणि लोक जिथे नाचले होते तिथपासून माझ्या खोक्यांपर्यंत पावलं मोजली. मग तिथून लॉनीच्या खोक्यांपर्यंत मोजली. दोन्हीकडे बावीस भरली. तिने पुन्हा मोजून पाहिली. मामा म्हणाला, जाताना तू लांब टाकतेस. ती म्हणाली, तू गप्प बस, तू कापलंयस ते.

निकाल असा लागला, की अर्धं कपाट.

रविवारी चर्चच्या आधी एक खोका घरी आला. स्पीकर मी काढून घेतला. आईने आत दांडी लावली, पाच झगे टांगले, वरच्या फळीवर दोन टोप्या. दार तिने स्वतः बसवलं, कुलूपही लावलं. दारात स्पीकरचं पंधरा इंचांचं गोल भोक आहे आणि त्यातून तिचा निळा झगा दिसतो. दोन खुर्च्या मोकळ्या झाल्या. तिथे बसून आम्ही खारवलेला मासा खाल्ला.

दुपारी लॉनी आला. पहिल्यांदाच आमच्या घरात. त्याचं म्हणणं असं होतं, की एक खोका आणि एक प्रत असलेल्या माणसाला एकट्याने काही वाजवता येणार नाही. आणि त्यालाही आता एकट्याने ते वाजवलं की अर्धंच वाटतं. तेव्हा पुढच्या शनिवारी दोघांनी एकाच टोकाला उभं राहावं. मी विचार करतो म्हटलं. विचार करायला काहीच नव्हतं, पण लगेच हो म्हटलं तर तो परत बोटीचं विचारेल अशी भीती होती.

त्याने आपली प्रत आणली होती. एकच गाणं आहे याची खात्री करायला आम्ही दोन्ही पलंगावर शेजारी ठेवल्या, मग एकेक लावून पाहिल्या, आणि परत ठेवल्या. एकीत सातव्या सेकंदाला टक असा आवाज येतो. दुसरी स्वच्छ आहे. लॉनी म्हणाला स्वच्छ ती माझी. मी म्हटलं माझी. खूण दोघांनीही केलेली नव्हती. मामा दारातून म्हणाला, मी सांगितलं होतं, खिळ्याने.

"बस झालं," आई म्हणाली. "दोन्ही कपाटात राहतील. किल्ली माझ्याकडे. वाजवायच्या असतील तेव्हा दोघांनी मिळून मागायला यायचं."

तिने दोन्ही तबकड्या टोप्यांशेजारी ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि आत गेली. मी, लॉनी आणि मामा कपाटासमोर उभे होतो. समोरच्या भोकातून एक हात सहज जाईल एवढी जागा होती. तिघांनाही ती दिसत होती.